द्वारकाच्या मागच्या बाया

निवडणुकीसाठी बाया जमवायला निघालं की बाया कमी आणि किस्सेच जास्त जमतात! पुरुषांचे किस्से पारावर सांगून होतात. आमचे चुलीपाशीच राहतात, म्हणून लिहून काढते. शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखन तुम्ही बघा.

नांदुरा तालुक्यातलं आमचं गाव. विहीर असो की बोअर, पाणी खारं, आणि गोड्या पाण्याची पाइप आमच्या आळीच्या अलीकडेच थांबलेली. आमच्या आळीतल्या द्वारकाचा नवरा या खाऱ्या पाण्यापायी किडनीनं गेला. त्याचं वर्षश्राद्ध झालं आणि ती म्हणाली, "मी ग्रामपंचायतीले उभी राह्यतो. पाइप आनतो." गावातल्या मोठ्या माणसांनी तर निवडणूक बिनविरोध करायचं ठरवलेलं. हिनं अर्ज भरला आणि सगळ्यांच्या पोटात दुखलं. अर्ज मागे घ्यायच्या दिवसापर्यंत तिला टिकवायचं, तिच्यामागे बाया उभ्या करायच्या, हे काम मी अंगावर घेतलं.

* * *

पहिली मंगला. तिचा नवरा दारात आडवा. "हे गेली तं भाकरी कोन थापीन?"

मी म्हटलं, "मांगच्या विलेक्शनले तू रोज ढाब्यावर जेवला. तव्हा कोन्ले इचारलं होतं बे? यंदा तू थाप!"

तो चुलीकडे बघतो तोवर मंगला चप्पल घालून रस्त्यावर!

* * *

मंगलाची पंचाईत वेगळीच. तिच्या सासूचं नावही द्वारकाच. सुनेनं ते नाव घ्यायचं कसं? मग ही घरोघरी सांगत सुटली, "आमच्या सासूच्या नावाची बाई उभी हाय, तिच्या मांगं राहा!"

संध्याकाळी अर्धी आळी तिच्या सासूच्या अंगणात. "काऊन व बुढे, उभी राह्यली अन् सांगतलं बी नाई?"

म्हातारीनं सुनेला हाक मारली. आम्हाला वाटलं, आता हिची खैर नाही. म्हातारी म्हणाली, "बाई, मले ब्यानरचा फोटो काढाले कधी नेशीन?"

* * *

मीटिंग म्हटलं की बायांना घरून सोडत नाहीत. म्हणून आम्ही हळदीकुंकू ठेवलं. घर भरलं. मी पाण्याचं बोलले, पाइपचं बोलले, आणि म्हटलं, "आता उमेदवार बोलीन." उमेदवार कुठे? विधवा बाई, हळदीकुंकवात कशी बसेल, म्हणून ही बाहेर चपलांपाशी उभी!

मी बाहेर गेले. "काऊन व, विलेक्शनले उभी हायेस का चपला राखाले?"

ती आत आली, मधोमध बसली. दोन बाया उठून गेल्या. जाऊ द्या. बाकीच्या बसल्या होत्या.

* * *

एक आजोबा ओट्यावर बिडी ओढत म्हणाले, "पोरी, माह्या बापानं बी हेच पानी पेलं."

मी विचारलं, "मंग किती वर्साचा होऊन गेला तुमचा बाप?"

आजोबा बोटांवर मोजायला लागले. मोजता मोजता थांबले. बिडी विझली. मग हळूच म्हणाले, "नाव काय सांगतलं त्या बाईचं?"

* * *

अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस. मोठी माणसं सकाळीच गाडी घेऊन द्वारकाच्या अंगणात. "चाल बाई, तहसीलले जाऊन येऊ. एक सही करजो. गावाची इज्जत राहीन. आमी काय परके हाओत?"

आवाज गोड. द्वारका उंबऱ्यात उभी, पदर पिळत. आम्ही बाया भिंतीला टेकलेल्या. मंगलानं माझा हात घट्ट धरलेला. मला तोंड आहे म्हणून सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी द्वारकाकडे.

द्वारकाची सासू बाजेवर बसलेली. पोरगा गेल्यापासून म्हातारी कुणाशी बोलत नव्हती. ती उठली. आत गेली, ग्लास आणले. रांजणातलं तेच खारं पाणी एकेक करून भरलं आणि त्यांच्यापुढे मांडलं.

"बसा," ती म्हणाली. "माह्या पोराच्या मयतीले तुमी सारे आलते. त्याच्यानंतर आज आले. पानी घ्या."

कुणीही ग्लास उचलला नाही.