एप्रिलच्या यादीतली पाच नावं

सोमवार, १८ फेब्रुवारी २०१९. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि तेराजिमा सेत्सुको एप्रिलच्या तिसऱ्या ओळीवर पोचली होती. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यातलं यंत्र सुरू झालं होतं. जपानमधल्या निइगाता शहरातल्या त्या चार टेबलांच्या कार्यालयात तोवर दुसरं कुणी आलं नव्हतं.

सेत्सुकोचं वय बावन्न. काम एकच: ‘युकिमादो’ या सहा मुलींच्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या गटाचे कार्यक्रम कधी, कुठे, कोणकोण, याची यादी करायची आणि दुपारी बारा वाजता संकेतस्थळावर लावायची. शनिवारचा टीव्हीवरचा अर्धा तास, गल्लीतल्या रेडिओ केंद्रावरच्या गप्पा, सुपरमार्केटच्या छतावरची गाणी, महापालिकेच्या सभागृहातला वार्षिक कार्यक्रम. सगळं त्या यादीत यायचं. प्रत्येक मुलीचं वेगळं पानही होतं आणि त्यावर ती पहिल्या दिवसापासून कुठे कुठे दिसली ते तारखेनिशी नोंदलेलं होतं.

त्याआधी तेवीस वर्षं ती इथल्याच वर्तमानपत्रात टीव्ही-रेडिओच्या वेळापत्रकाचं पान लावत होती. एकदा तिच्या हातून कुस्तीच्या प्रक्षेपणाची वेळ तासाने चुकली. एका म्हाताऱ्याने फोन केला. शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाला, ‘‘बाई, मी तासभर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो.’’ त्यानंतर तिच्या पानात चूक सापडली नाही. २०१२ साली पान तोक्योहून तयार होऊन यायला लागलं आणि सेत्सुको इकडे आली.

एप्रिलची तिसरी ओळ ६ तारखेची होती. रेडिओ, दुपारी दोन. केंद्राने माइक लावण्यासाठी नावं मागवली होती. सेत्सुकोने पाच नावं लिहिली. मोगामी चितोसे हे सहावं नाव लिहिलं नाही.

कारण साधं होतं. एप्रिलमध्ये चितोसे नसणार होती.

ही गोष्ट नोव्हेंबरपासून पाच-सहा जणांनाच ठाऊक होती. चितोसे पंधराव्या वर्षी गटात आली, आता बावीसची. मुराकामी गावात तिच्या वडिलांचं खारवलेल्या रावसाचं दुकान आहे. त्यांचा डावा हात आजारपणात निकामी झाला, म्हणून ती घरी परतणार होती. पण गट सोडायची बातमी मुलीने स्वतः, रंगमंचावरून, आपल्या चाहत्यांना द्यायची हा रिवाज. ती बोलली की चाहते हातातल्या दिव्यांचा रंग बदलून तिच्या रंगाचा करतात आणि तिचं शेवटचं गाणं त्या उजेडात होतं. चितोसेचा रंग जांभळा. दिवस ठरला होता २३ मार्च, सभागृह नऊशे खुर्च्यांचं. सात वर्षांत वडिलांनी तिचा एकही कार्यक्रम पाहिला नव्हता. त्या दिवशी ते येणार होते.

कार्यालयातली रीत अशी, की अडचण असेल तिथे नावांच्या जागी ‘सर्वजणी’ लिहायचं. सर्वजणी म्हणजे पाच की सहा, हे कुणी मोजत नाही. सेत्सुकोला ती रीत माहीत होती, पण आवडत नव्हती. केंद्राने नावं मागितली होती, तिने नावं दिली. जी असणार नाही तिचं नाव छापणं म्हणजे चुकीची वेळ छापण्यासारखंच, असं तिचं मत. यादी कोण वाचतं आणि कशी वाचतं, हा विचार तिच्या मनात आला नाही. वर्तमानपत्राचं पान लोक घड्याळासाठी वाचत. ही यादी लोक पंचांगासारखी वाचत. काय आहे त्यापेक्षा काय नाही ते आधी बघत.

बारा वाजता यादी लागली. बारा वाजून अकरा मिनिटांनी एका चाहत्याचा फोन आला.

‘‘बाई, सहा एप्रिलला पाच नावं आहेत. आमची चितोसे कुठाय?’’

‘‘मला त्याबद्दल सांगता येणार नाही.’’

‘‘म्हणजे काहीतरी आहे.’’

‘‘असं मी म्हटलेलं नाही.’’

‘‘नाहीही म्हटलेलं नाही,’’ तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

गटाचा व्यवस्थापक ओयामादा डबा अर्धा टाकून उठला. पडद्यावर बघत म्हणाला, ‘‘अहो सेत्सुकोबाई, हे काय करून ठेवलंत? सर्वजणी! चार अक्षरं! चार अक्षरं लिहायला हात दुखत होता का?’’

त्याने ओळ बदलली, पण तोवर मूळ ओळीची छायाचित्रं गावभर झाली होती. एक वाजता कुणीतरी लिहिलं की तिचं लग्न ठरलंय. दीड वाजता स्टेशनवर एका तरुणाबरोबरचा तिचा फोटो फिरू लागला. तो तिचा चुलतभाऊ होता, पण हे विचारायला कुणी थांबलं नाही.

पावणेतीनला शनिवारच्या कार्यक्रमाच्या प्रायोजकांचा फोन मालक नागुमोंना आला. तांदळाच्या बिस्किटांची कंपनी. वर्षभराचा नवा करार जानेवारीतच झाला होता, पाकिटावर सहा मुलींची चित्रं छापायची म्हणून. नागुमोंना तेव्हाही ठाऊक होतं की एप्रिलपासून पाचच असतील. ते गप्प राहिले होते. मार्चमध्ये चितोसे बोलली की ‘आम्हालाही आत्ताच कळलं’ म्हणायचं, असा त्यांचा हिशेब. आता त्यांनी फोनवर तेच म्हटलं, फक्त पाच आठवडे आधी.

‘‘पोरीने आजच सकाळी सांगितलं साहेब. तब्येतीचं कारण. हो, लगेच. आजच. सहा वाजता जाहीर करतो.’’

फोन ठेवून ते सेत्सुकोला म्हणाले, ‘‘दोन ओळी टाइप करा. तब्येतीच्या कारणास्तव, आजपासून.’’

‘‘तेवीस मार्च?’’

‘‘तब्येत बरी नसलेली मुलगी नाचणार कशी?’’

चितोसे चार वाजता आली. बूट काढले, टोपीवरचा बर्फ दाराबाहेर झटकला. ओयामादाने तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. खुर्चीही घेतली नाही.

‘‘माझी तब्येत ठणठणीत आहे, ओयामादा दादा. काल दोन तास सराव केलाय, तुम्हीच तर मोजत होता.’’

‘‘माहितेय गं.’’

‘‘मग निदान दुकानासाठी जातेय असं लिहा. ते तरी खरं आहे.’’

‘‘तुझे वडील आजारी पडले नोव्हेंबरात. तुमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. प्रायोजक विचारतील, मग आम्हाला आज कसं कळलं?’’

ती सेत्सुकोकडे वळली. ‘‘मावशी, एकच विचारते. ‘सर्वजणी’ लिहिलं असतं तर चाललं असतं?’’

‘‘चाललं असतं.’’

‘‘मग?’’

‘‘तू एप्रिलमध्ये नसणार होतीस,’’ सेत्सुको म्हणाली. ‘‘चूक माझी आहे.’’

‘‘चूक कुठाय? खरंच लिहिलंत की.’’ चितोसेने टोपी पुन्हा डोक्यावर ओढली. ‘‘बाबांनी तेवीस तारखेची पाटी आत्तापासूनच लावलीय दाराला. दुकान बंद राहील म्हणून. सव्वीस वर्षांत नववर्ष सोडून कधी बंद ठेवलं नाही. गिऱ्हाइकं विचारतात, मोगामीसाहेब, कुणाचं लग्न? ते म्हणतात, लग्न नाही, कामानिमित्त. आता ती पाटी काढायला सांगते.’’

सेत्सुको उठली आणि नागुमोंच्या टेबलापाशी गेली. सात वर्षांत ती कामाखेरीज तिथे गेली नव्हती.

‘‘साहेब, तेवीसला तिला दोन मिनिटं द्या. गाणं नको. उभं राहून बोलू दे फक्त.’’

‘‘दोन मिनिटांत ती खरं बोलली तर?’’

‘‘खरं बोलली तर काय बिघडेल?’’

‘‘तुम्ही सकाळी खरंच लिहिलं होतंत ना?’’ नागुमो म्हणाले. ‘‘बघा काय बिघडलं ते. तिच्यामागे पाच पोरी आहेत सेत्सुकोबाई. त्यांचा टीव्हीवरचा अर्धा तास जाऊ देऊ?’’

सेत्सुको जागेवर परतली तोवर चितोसे गेली होती. बूट ठेवायच्या फळीखाली पाण्याचं थारोळं होतं. ओयामादाने ते फडक्याने पुसलं.

पाच वाजता सेत्सुकोने निवेदन टाइप केलं. ‘मोगामी चितोसे हिने तब्येतीच्या कारणास्तव आजपासून गट सोडला आहे. आजवरच्या प्रेमाबद्दल आभार.’ तिने ते दोनदा वाचलं. तारीख बरोबर, नाव बरोबर, चिन्हं जागच्या जागी. छपाईच्या दृष्टीने त्यात एकही चूक नव्हती. सहाला पाच मिनिटं असताना ओयामादाने चितोसेचं पान उघडलं. शेवटच्या नोंदीचा क्रमांक चारशे बारा होता, परवा शनिवारच्या टीव्ही कार्यक्रमाचा. त्याने दोनदा बटण दाबलं आणि पान गेलं.

सहा वाजता सेत्सुकोने निवेदन लावलं. पहिला फोन वाजला तेव्हा ओयामादा तिच्याकडे बघत राहिला. तिने उचलला.

‘‘बाई, तिला झालंय तरी काय?’’ दुपारचाच आवाज होता.

‘‘तब्येतीचं कारण आहे,’’ सेत्सुको म्हणाली.

रात्री आठपर्यंत तिने हेच वाक्य एकतीस वेळा सांगितलं. जाण्यापूर्वी तिने दुसऱ्या दिवसाची ओळ तपासली. मंगळवार, १९ फेब्रुवारी, सकाळी नऊ चाळीस, टीव्ही केंद्राचा दुसरा स्टुडिओ, शनिवारच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण. सर्वजणी.