डॅम्प टॉवेल आणि जगन्नाथचा मासा

नवस बोलावा तर स्वतःसाठी, फार तर बायकोपोरांसाठी. दुसऱ्याच्या, त्यातून गोऱ्याच्या, त्यातूनही गिटार बडवणाऱ्या गोऱ्याच्या वतीने नवस बोलायचा शहाणपणा अख्ख्या कुवेतमध्ये एकट्या जगन्नाथ परबाने केला. त्यापायी त्याची जी फरफट झाली, तिला हसावं की रडावं ते तुमचं तुम्ही ठरवा.

जगन्नाथ कुडाळकडचा सुतार. काम अहमदीत, तेल कंपनीच्या जुन्या बंगल्यांची दारं-खिडक्या दुरुस्त करायचं. राहायला रिग्गईत, पाच गाववाल्यांबरोबर एका खोलीत. शहाण्णव साली त्याला एका इंग्रज इंजिनिअरच्या गॅरेजला आतून लाकडी फळ्या ठोकायला पाठवलं. कारण साहेबाचा पोरगा टोबी आणि त्याचे तीन दोस्त तिथे वाजवायचे आणि शेजारी बोंबलायचे. शेजाऱ्यांचं काही चुकत नव्हतं हो! तसला आवाज जगन्नाथने पत्र्याच्या शेडवर नारळ पडतानाच काय तो ऐकला होता. बँडचं नाव 'डॅम्प टॉवेल'. म्हणजे ओला टॉवेल. कुवेतच्या उन्हात टॉवेल पाच मिनिटं ओला राहत नाही, पण पोरांना कोण सांगणार?

तरी जगन्नाथला ती पोरं आवडली. त्याला पाणी द्यायची, त्याच्या ठोकण्याच्या तालावर ड्रम वाजवायची. फळ्या ठोकून झाल्या तेव्हा कळलं, की चौघं इंग्लंडला निघालेत, नशीब काढायला. जगन्नाथचा जीव हलला. गावचं पोरगं मुंबईला निघालं तरी देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, आणि ही तर कुठल्या कुठे चाललेली. त्याने खोलीत गावच्या रवळनाथाच्या फोटोसमोर नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! ही चार पोरां परमुलखात जातत, त्येंका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खोली गरजली.

इथे थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण गडी रंगात आला. "जगभर त्येंचा नाव जाला, तर ती तुझ्याम्होरं येवन वाजवतली रे म्हाराजा! आणि नाव जाल्यापासून ती येयसर मी मासो तोंडात घालूचंय नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे सवयीने ओरडले आणि मग एकमेकांकडे बघत राहिले. मालवणी माणूस आणि गोरी पोरं देवळात येईपर्यंत मासा सोडणार? खोलीत स्वयंपाक करणारा बाळा म्हणाला, "अरे, झिलग्या, डोक्यार पडलंस काय?"

"गप रे," जगन्नाथ म्हणाला. "त्येंचा वाजवणा ऐकलंस तू? काय जगभर नाव होवचा नाय त्येंचा." आणि निवांत मासे खात राहिला.

दोन वर्षांनी यूसुफ आला. यूसुफ रत्नागिरीचा, मिरकाबमध्ये त्याचं कॅसेटचं दुकान. "जगूभाई, तुमचे ओले टॉवेल इंग्लंडात गाजतायत! अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात त्याला."

जगन्नाथच्या हातातला घास हातातच राहिला. मग म्हणाला, "इंग्लंड म्हणजे काय जग नाय."

खोलीने मान्य केलं. पुढे यूसुफने जर्मनी आणली. जर्मनी शेजारीच, म्हणून ती धरली नाही. मग जपान आला, तेव्हा भिंतीवरच्या नकाशाभोवती सगळे कोर्टासारखे बसले. जपान म्हणजे जग की नाही यावर असा वाद पेटला, की डाळ करपली. अमेरिका आली तेव्हा जगन्नाथ दोन वेळा मासे खायला लागला, उद्याचा काय भरवसा! सगळं जग ज्या पोरांसाठी टाळ्या वाजवत होतं, त्यांचं वाटोळं व्हावं म्हणून हा मनातल्या मनात देवाला विनवत होता. आणि पोरं मेली एकापाठोपाठ एक मैदानं भरत होती!

शेवटी एक कुवेती मुलगा यूसुफच्या दुकानात येऊन 'डॅम्प टॉवेल' मागून गेला. यूसुफने हे सांगितलं आणि सगळ्यांनी नकाशाकडे पाहिलं. कुवेतही आलं, आता जगात उरलं काय? बाळाने जगन्नाथपुढचं तळलेल्या झुबैदीचं ताट उचललं. झुबैदी म्हणजे आपलं पापलेट. जगन्नाथ लहान मुलासारखा रडला.

तो अहमदीला साहेबाकडे धावला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं: पोरांना एकदा कुडाळला पाठवा, देवासमोर एकच गाणं, जेवणाखाण्याचं आम्ही बघतो. साहेब हसला नाही. म्हणाला, "टोबी मलाच भेटायला आलेला नाही. भेटला तर सांगेन."

खरी पंचाईत गावाकडे झाली. सुट्टीवर जायचा तेव्हा मुक्ता, त्याची बायको, सकाळपासून वाटप वाटून माशाचं तिखलं करायची, आणि हा पुढ्यात डाळभात घेऊन बसायचा. पहिल्या खेपेला ती हसली. दुसऱ्या खेपेला न जेवता उठली. नवरा कधी नव्हे तो घरी येणार, आणि आपल्या हातचा मासा त्याच्या पोटात जाणार नाही. कोणासाठी? तर ओल्या टॉवेलांसाठी! गाव हसत होतं आणि ही चुलीशी डोळे पुसत होती.

शेवटी तिनेच कंबर कसली. यूसुफने पाठवलेली कॅसेट घेऊन ती देवळात गेली आणि देवस्थानचा मान असलेल्या गावकारांना म्हणाली, "माणसां येवक नाय, त्येंचो आवाज तरी देवान ऐकूंदे. मगे कौल लावा." देवाच्या अंगावर उजवी-डावी फुलं लावली. उजवं पडलं तर नवस फिटला. दत्तजयंतीचे भलेमोठे स्पीकर जोडले आणि मुक्ताने मोबाइल उंच धरला. रिग्गईत सहा जण एका फोनभोवती डोकी जोडून बसले होते. गाभाऱ्यात ड्रम कडाडले, टोबी किंचाळला, आणि उजवं फूल टपकन पडलं. देवाने दिलं की स्पीकरच्या हादऱ्याने पडलं, ते विचारायचं नसतं.

"व्हय म्हाराजा!" दोन्हीकडून एकच गजर झाला.

बाळाने ताट तयारच ठेवलं होतं. त्यात सुबूर होता, म्हणजे आपल्याकडचा पाला मासा, चवीला अमृत आणि अंगभर काटे. जगन्नाथने मोठा घास घेतला आणि पुढच्या क्षणी त्याचे डोळे पांढरे झाले. काटा! मालवणी माणसाच्या घशात माशाचा काटा! जिभेने काटा वेगळा करायची सवयच मोडली होती.

"काय जाला?" फोनमधून मुक्ता ओरडली. "काटो? भाताचो गोळो गिळा! चावू नका, गिळा!"

बाळाने गोळा वळून त्याच्या तोंडात कोंबला. एक, मग दुसरा. काटा उतरला. पलीकडे मुक्ताचा श्वास ऐकू येत होता.

"काटे काढून देवक थंय कोण आसा तुमका?" ती म्हणाली. आवाज फुटला होता. "येवा आता घराक."

एवढी वर्षं तिच्या या बोलण्यावर जगन्नाथ 'बघूया' म्हणत आला होता. आज त्याने ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "येतंय."