अमावस्येचे सेल

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्याच्या घरी भाजी निवडत होते. "हे गेले गं... झोपेतच," वहिनी एवढंच म्हणाली. डोंबिवलीला पोचले, तर दादा शांत पडलेला आणि उशाशी चष्म्याशेजारी त्याचा पामटॉप. त्या रडारडीतही मला जरा हसू आलं. झोपायच्या आधी स्वारीने तो उघडून पाहिला असणारच.

पामटॉप म्हणजे स्मार्टफोन यायच्या आधीचा खिशातला संगणक. झाकण उघडलं की आत इवलासा कीबोर्ड आणि करडा पडदा. दादाला पहिला मिळाला विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेरच्या भंगारवाल्याकडे, आणि मग नादच लागला. निवृत्त होईपर्यंत कपाटाचा एक खण भरला. काचेत मांडून ठेवणं मात्र त्याला बिलकूल मंजूर नव्हतं. पाहुणा आला की चहाच्या आधी हातात पामटॉप. "टाइप तर कर रे काहीतरी! बघ, बटणं कशी वाजतात!" माझ्या जावयालाही त्याने सोडलं नाही. जावईबापू तासभर त्यावर बुद्धिबळ खेळले आणि सपाटून हरले, तेव्हा दादा असा खूश झाला, जणू डाव त्यानेच मारला होता. इतका सुखी माणूस मी आमच्या घराण्यात दुसरा पाहिला नाही.

या यंत्रांची गोम एकच. सेल संपले की आतलं सगळं पुसलं जातं. दोन पेन्सिल सेल, शिवाय आधाराला एक बटण सेल. सगळे एकदम काढायचे नाहीत, आधी मोठे बदलायचे, मग छोटा. विसर पडू नये म्हणून दादाने अमावस्या ठरवून टाकली होती. का, तर कॅलेंडरवर तो काळा गोळा चटकन दिसतो. "लोक अमावस्येला नारळ फोडतात, आमच्याकडे सेल बदलतात," वहिनी सगळ्यांना सांगायची. पण नवे सेल आठवणीने आणून ठेवायची तीच.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या अमावस्येला तिने मला बोलावून घेतलं. "बाकीच्यांचं एक वेळ चालेल गं. पण स्वयंपाकघरातला पुसला गेला तर?" तिच्या रक्तदाबाच्या गोळीचा गजर दादाने त्यावर लावलेला होता. तो पुन्हा कसा लावायचा, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

"मोबाईलवर लावून देऊ का?" मी विचारलं.

"मग ते मोबाईलचं सांगणं झालं ना..."

जेवणं उरकून आम्ही खिडकीशी बसलो. सेल वहिनीने मला काढू दिले नाहीत. आधी मोठे, मग छोटा. बटण दाबल्यावर अक्षरं उमटली, घड्याळही बरोबर होतं. गजर मात्र वाजल्याशिवाय कळणार नव्हता. आम्ही दोघी त्या डबीकडे बघत बसलो. मला खरंच भीती वाटत होती.

आणि तो वाजला! वहिनीने डोळे पुसले, पण गजर बंद केला नाही. "हो हो, घेते हो!" ती मोठ्याने म्हणाली.

"अगं, गोळी तर मघाशी जेवल्यावर घेतलीस!"

"हळू बोल," वहिनी म्हणाली. "त्यांना कशाला सांगतेस?"