तोंडावर म्हणायची कविता

आमची चौथीची मुलं पुस्तकातली कविता विजेचं बिल वाचावं तशी वाचायची. मान खाली, एक सूर, ओळीच्या शेवटी ठरलेला थांबा. मी चिडायचे. मुळात माझा स्वभावच लवकर चिडण्याचा. “अरे, हातवारे करा, चाल लावा,” असं मी ओरडून सांगायचे, आणि ओरडणाऱ्या बाईंसमोर हातवारे करायची कुणाची टाप होती? कविता संपली की मुलं सुटल्यासारखी वह्या मिटायची. खरं सांगायचं तर मीही पुस्तक मिटायचे.

मी राहते शिळफाट्याला आणि शाळा पोशीरच्या अलीकडे एका गावात. स्कूटीवरून तासाभराचा रस्ता. भातकापणी उरकल्यानंतरची गोष्ट. एका सकाळी शाळेजवळच म्हशींनी रस्ता अडवला. त्यांचा मालक बांधावर बसून निवांत फोनवर बोलत होता. हॉर्न वाजवून वाजवून मी दमले आणि काही सुचेना म्हणून तिथेच ओळी जुळवत उभी राहिले. वर्गात शिरले ती हजेरीच्या आधी त्या म्हणूनच टाकल्या:

म्हशीला आली मोठी शिंक,
शिंगांचा रंग झाला पिंक.
मालक म्हणाला, “हे काय गं?”
म्हैस म्हणाली, “फॅशन रं!”

क्षणभर कुणी हसलं नाही. हे परीक्षेला आहे की काय, असा मुलांना संशय आला असावा. मग मागून एकजण फसकन हसला आणि बावीसच्या बावीस मुलं बाकांवर आडवी झाली. पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा. सातव्यांदा म्हणताना मुलं म्हशीसारखी मान हलवत होती, शिंकत होती. हातवारे करा असं मला सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुलं स्वतःच रचून आणायला लागली. मी जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून मागच्या भिंतीला चिकटवली आणि म्हटलं, लिहा इथे. कुणाचा खेकडा कर्जतला निघायचा आणि तिरका चालल्यामुळे नेरळला पोचायचा. यमक लंगडं होतं, पण विचार पक्का होता. पंधरा दिवसांत त्यांना कळलं की ओळीला वजन असतं, एक शब्द जास्त झाला की गाडं अडतं. पुस्तकातली कविताही ती आता जरा चाखून बघायला लागली होती. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

शाळेत खिचडी रांधायला गावातल्याच एक काकी येत. साठीला टेकलेल्या, काटक, बोलायला कमी. पण गावातल्या लग्नांत हळदीची गाणी त्यांच्याशिवाय सुरू होत नसत. त्या आठवड्यात शाळेची डाळ यायची राहिली होती. मुलांना नुसता पिवळा भात कसा घालायचा, म्हणून काकी घरच्या डब्यातली मूगडाळ पदरात बांधून आणत आणि खिचडीत टाकत. हे त्यांनीच मला सांगितलं होतं. वर म्हणाल्या होत्या, “कुनाला बोलू नका, बाई. उगाच मिरवल्यासारकं व्हतंय.”

मूठभर डाळ बावीस ताटांना कितीशी पुरणार? खिचडीत ती दिसायचीच नाही. तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने एक कविता रचली:

काकीच्या खिचडीत मारली बुडी,
हाताला लागली हळदीची पुडी.
डाळ कुठाय? डाळ कुठाय?
डाळ काकीच्या घरी हाय!

ठेका असा चोख की मी टाळ्याच वाजवल्या. मी यमक ऐकलं, ठेका ऐकला, अर्थ ऐकलाच नाही. काकी त्या वेळी हापशावर भांडी घासत होत्या. मी सगळ्या वर्गाकडून ती कविता म्हणवून घेतली, फोनवर चित्रित केली आणि पालकांच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, ‘आमचे छोटे कवी’. संध्याकाळपर्यंत हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी घरी चहा पीत ती रांग पुन्हा पुन्हा बघत होते.

दुसऱ्या दिवशी काकी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मुलांनी घरून डबे आणले. बरं नसेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. पण एव्हाना ती शेवटची ओळ मला नीट ऐकू यायला लागली होती. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. त्या ओटीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. बसा म्हणाल्या, पाणी दिलं, आणि पुन्हा सुपात बघायला लागल्या.

“गिरनीवर गेलेली मी,” त्या वर न बघता म्हणाल्या. “बायांनी इचारलं, काकी, डाळ कुठाय? एक तर माज्या पिशवीत वाकून बघाय लागली.”

“काकी, मुलं आहेत हो. त्यांना कुठे कळतंय?”

“पोरं हायत. तुमी पोर नाय. आनि डाळीचं तुमाला ठावं होतं.”

काकींनी सूप खाली ठेवलं.

“मी हळदीला गाते. नवरदेवाच्या आईची अशी खोड काढते, का मांडवात बाया पोट धरून हसतात. पन ती बाय तितंच बसलेली असते, माज्या म्होरं. तिच्याकडच्या बाया लगेच माजी खोड काढतात. मला ती ऐकावी लागते. असं हाय ते. तुमी मी नसताना गायलं, आनि गावभर धाडलं. परवा हळद हाय. तितं मी तोंड उघडलं आनि कुनी डाळ इचारली, तर मी काय गाऊ?”

चोर ठरलेल्या बाईची थट्टा कोण ऐकून घेणार होतं? तीस वर्षं हळदीला गाणारा गळा मी चार ओळींत बंद करून ठेवला होता. मी म्हटलं, ग्रुपवरून ते काढून टाकते, खरं काय ते लिहिते.

“लिवा. पन तेवढ्यानं भागत नाय. उद्या मी येते. माज्या म्होरं म्हना. ज्यांनी ऐकलं त्यांनाबी बोलवा. आनि मंग दुसऱ्या बाजूचं गानं व्हईल.”

रात्री मी ग्रुपवर सगळं लिहिलं. डाळ काकींच्या घरची होती, ती शाळेत येत होती, आणि हे माहीत असून मी टाळ्या वाजवल्या. आधीचं चित्रण काढून टाकलं आणि सकाळी शाळेत या, असं जोडून ते पाठवलं. या वेळी एकही हसरा चेहरा आला नाही.

सकाळी काकी इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या आणि व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या. दहा-बारा आया आल्या होत्या. त्यात गिरणीवरच्याही होत्या, कुंपणाशी उभ्या. मुलं समोर रांगेत. खाली बघून त्यांनी सुरुवात केली. बुडीपर्यंत आवाज होता, पुडीला तो निम्मा झाला आणि ‘डाळ कुठाय’ला फक्त ती पहिल्या बाकावरची मुलगी उरली. तिचे डोळे भरले.

“म्हन, म्हन गं,” काकी म्हणाल्या. “लिवलंयस ना तू?”

तिने शेवटची ओळ म्हटली. कुंपणापर्यंत ती पोचलीही नसेल. मग मी पुढे झाले आणि जे लिहिलं होतं ते सगळ्यांसमोर तोंडाने सांगितलं. लिहिण्यापेक्षा ते कितीतरी अवघड गेलं. पिशवीत वाकून बघणारी कोण, हे मला ठाऊक नव्हतं, पण कुंपणाशी एका बाईने पदर तोंडाशी धरला.

“आता दुसरी बाजू,” काकी म्हणाल्या. मला वाटलं, त्या मुलांवर काहीतरी गातील. पण त्या मुलांनाच म्हणाल्या, “माज्यावर झालं. आता बाईंवर व्हऊ द्या.”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मी हसून म्हटलं, “करा की. पाच मिनिटं देते.”

पाच मिनिटं लागली नाहीत. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं आणि बावीस जणांनी एका ठेक्यात सुरू केलं:

आमच्या बाई हसतात कदी?
शाळा सुटायच्या जरा आदी.
सकाळी कपाळावर आठ्या आठ,
घंटा झाली की मोकळी वाट!

कुणी अडखळलं नाही, कुणी कुणाकडे बघितलं नाही. कपाळाला आठ्या घालायचे हातवारेसुद्धा ठरलेले होते. म्हणजे ही कविता आज झालेली नव्हती. कॅलेंडरच्या पानांवर ती मला कधी दिसली नव्हती. हापशावर, रस्त्याने जाताना, माझी स्कूटी वळणावर दिसली की, किती दिवस ही मुलं ती म्हणत होती, कोण जाणे. कुंपणाशी उभ्या बाया मोठमोठ्याने हसत होत्या. मीही हसले. पण कानशिलं तापली होती. इतके दिवस मला वाटत होतं की त्या वर्गातली सर्वांत आनंदी व्यक्ती मीच आहे.

काकी माझ्याकडेच बघत होत्या. “लागलं का, बाई?”

“लागलं,” मी म्हटलं.

“मंग झालं,” त्या म्हणाल्या आणि पदर खोचून तांदूळ धुवायला उठल्या.