ब्युटिरिकच्या शेडमधली ताई

कारखान्यात तिला तोंडावर सगळे ताई म्हणत, पाठीमागे खवटताई. ब्युटिरिक आम्लाच्या शेडमध्ये ती पिंपं भरायची. खवट लोणी आणि लहान पोराची ओकारी एकत्र केली तर जो वास येईल, तसा त्या आम्लाचा वास. हातमोजे, मास्क सगळं असे, तरी तो केसांत आणि नखांत जाऊन बसायचा. बसमध्ये ती चढली की शेजारची जागा आपोआप रिकामी. "गर्दीत मला कधी धक्का लागला नाही," असं ती हसून सांगे. या शेडला पगार जरा बरा, म्हणून तिनेच ती मागून घेतली होती. आईवडील गेले तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता आणि त्याला शिकवायचं होतं.

भाऊ हुशार निघाला, रसायनशास्त्रच शिकला. एकदा जेवताना त्याने तिला समजावलं, की हेच आम्ल अल्कोहोलबरोबर तापवलं की त्याचं एस्टर होतं, त्याला चक्क अननसासारखा वास येतो, आणि गोळ्या-सरबतांत तेच घालतात. अंग सोड्याने धुतलं तर आम्लाचा क्षार होऊन वास मरतो, पण घाम आंबट, तो आला की आम्ल पुन्हा मोकळं होतं. म्हणजे घाम गाळणाऱ्याची सुटका नाहीच, असं ती म्हणाली आणि दोघं पोट धरून हसली.

पुढे तो सुगंधी अर्काच्या कंपनीत लागला आणि तिथल्याच साहेबांच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं. पत्रिका देताना म्हणाला, गर्दी फार असेल, तू आपली मागे पंख्याखाली बस. किती काळजी करतो, असं तिला वाटलं. तिने रजा टाकली आणि सोड्याने घासून घासून अंगाची सालटी काढली.

लग्नात ती आधी मागेच बसली, पण फोटोला बहिणीला बोलावतीलच, म्हणून ती मंचापाशी जाऊन उभी राहिली. दिव्यांच्या उकाड्याने पाठीला घाम फुटला, आणि मागोमाग तो वास. एका बाईने नाकाला रुमाल लावला. नवरीच्या आईने भावाला विचारलं, "या कोण?"

भावाने ताईकडे पाहिलं. "आमच्याकडे कामाला होत्या. मला लहानपणी सांभाळायच्या."

आपल्याला कुणीच नाही, असं त्याने सासरी सांगून ठेवलं होतं, हे तिला तिथे कळलं. ती न जेवता घरी आली. दोन दिवसांनी तो आला, तू समजून घ्यायला हवंस म्हणाला. तिने पाणी दिलं.

वर्षभराने त्याचा फोन आला, मुलगी झाली म्हणून. ताई हरखली. "मी कशी येणार? अंगाला वास येतो. बाळाला नको," ती म्हणाली. वेडी का गं, ये, असं तो म्हणेल म्हणून तिने कान लावला.

"हो, तेही खरंच."

फोटो पाठवतो म्हणाला. तो पाठवायचा राहूनच गेला. ताईनेही मग विचारलं नाही.