आयोडीनचा थेंब आणि बेबीमावशीचं पनीर

चहा घ्या हातात, पण बिस्किट एवढ्यात बुडवू नका. हसताना कपात पडेल आणि दोष मला द्याल. फजिती माझी आहे, स्वतःच्या हाताने केलेली आहे, आणि ती करताना मी इतका खूश होतो की विचारू नका!

मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहे. अठरा वर्षं झाली. आयोडीन हा माझा जिवाभावाचा पदार्थ. काळपट चकचकीत खडे, जरा गरम केले की जांभळी वाफ! मिठात कणभर असलं की गलगंड फिरकत नाही, जखमेवर लावलं की जंतू गार, आणि पिठाला शिवलं की निळंकाळं. पीठ कुठेही लपलेलं असो, आयोडीन त्याला पकडणारच. पोलीस खात्यात असतं तर एव्हाना इन्स्पेक्टर झालं असतं.

तर आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीचा वर्धापनदिन होता. दोनशे माणसं जेवणार होती आणि ऑर्डर बेबीमावशीला द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. बेबीमावशी शेजारच्या गावठाणातली. वीस वर्षं आमच्या गेटवर मासळी विकते. सुनेला हाताशी घेऊन तिने नुकतीच जेवणाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली होती, आणि एवढी मोठी ही पहिलीच. मेनूत मटार पनीर होतं, पनीर तिच्या घरचं.

रविवारी सकाळी मासळीची टोपली दाराशी ठेवून ती पनीरचा डबा घेऊन सोसायटीच्या ऑफिसात आली. नेमका आदल्या दिवशी ग्रुपवर पीठ मिसळलेल्या नकली पनीरचा व्हिडिओ फिरलेला. सेक्रेटरी गायकवाडकाका डोकं खाजवत म्हणाले, "दिसायला तर बरोबर दिसतंय. पण उद्या कुणाचं पोट बिघडलं तर टेन्शन आपल्याला."

असा मोका मी सोडतो होय?

"काका, लॅबवाला माणूस बिल्डिंगमध्ये असताना टेन्शन कसलं? पाच मिनिटं द्या!"

धावत घरी गेलो, औषधांच्या डब्यातलं टिंक्चर आयोडीन आणि ड्रॉपर घेऊन आलो. आता मी पडलो पद्धतशीर माणूस. नमुना कुठेही ठेवून चालतो का? ऑफिसच्या प्रिंटरमधले कोरे पांढरे कागद काढले, त्यांचे चौकोनी तुकडे कापले, प्रत्येकावर नमुन्याचं नाव, तारीख आणि माझी सही. मग पनीरचा तुकडा कागदावर ठेवून वर दोन थेंब सोडले.

थेंब पनीरवरून ओघळले आणि खाली कागदावर निळंकाळं कडं उमटलं!

"पकडलं!" मी एवढ्या जोरात ओरडलो की वॉचमन आत आला.

"आरं, वर तर पिवलंच हाय की," बेबीमावशी वाकून बघत म्हणाली.

"वरवर पिवळं, मावशी. आतलं पीठ खाली झिरपतंय."

"कसलं पीठ? दूध तापवलं, लिंबू पिललं, फडक्यान बांधलं. पीठ कवा घातलं मी?"

पण तिचं ऐकतो कोण? बातमी जिन्याने वर गेली आणि माणसं खाली आली. कुणी दूध आणलं, कुणी खवा, कुणी पेढे. मी एकेकाला कागदावर घेतो, थेंब टाकतो, आणि निळंकाळं! प्रत्येक थेंबाला टाळ्या! गायकवाडकाकांचं दूध, निळं! दुसऱ्या मजल्यावरचा खवा, निळा! लोक फोटो काढत होते, एकाने मला वॉर्डाच्या निवडणुकीला उभं राहायला सांगितलं. खरं सांगतो, मी मनातल्या मनात होकार दिला होता.

तेवढ्यात बायको वाटीत दही घेऊन आली. स्मिता तशी गर्दीत पुढे येत नाही, पण नवऱ्याचं कौतुक बघायला आली होती. थेंब टाकला, दह्याभोवती निळं.

"हे मी घरी लावलंय," ती हळूच म्हणाली.

"मग तुझं विरजणच भेसळीचं!"

तिने माझ्याकडे असं बघितलं की शहाणा माणूस तिथेच थांबला असता. मी थांबलो नाही. खुर्चीवर उभा राहून जाहीर केलं की अख्ख्या नवी मुंबईत शुद्ध काही उरलेलं नाही, आणि बेबीमावशीची ऑर्डर रद्द करावी.

मावशीने डब्याचं झाकण लावलं. "सून पहाटपासून तयारीला लागलीय," ती म्हणाली. "वीस वर्सं या गेटाव बसतंय. शिलं म्हावरं कदी दिलं का कुनाला? आता गावान सांगतील, बेबीनं पिठाचं पनीर घातलं." मला वाईट वाटलं, पण विज्ञानापुढे माझा नाइलाज होता, असं मी स्वतःला समजावलं.

मावशी दाराकडे गेली. आम्हाला वाटलं, निघाली. ती टोपलीतून पापलेट घेऊन परत आली! कोयत्याने त्याचा तुकडा पाडला आणि माझ्या कागदावर ठेवला.

"टाक थेंब."

"मावशी, हा मासा आहे."

"मना म्हाईत हाय मासा हाय. तू टाक!"

टाकला. पापलेटाभोवती सुरेख निळंकाळं कडं!

"आता बोल," मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पापलेटान पन पीठ मीच भरलं?"

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "खाडीत प्रदूषण फार वाढलंय, मावशी."

कुणीतरी फिसकन हसलं. मावशीने माझ्या हातातून ड्रॉपर ओढून घेतला आणि नमुना न ठेवलेल्या कोऱ्या कागदावर थेंब सोडला. निळंकाळं! मग स्टीलच्या झाकणावर पनीरचा नवा तुकडा ठेवला, त्यावर थेंब सोडला. पिवळसर तपकिरी. आम्ही दोन मिनिटं बघत बसलो. तपकिरी ते तपकिरीच.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. अहो, कागद गुळगुळीत व्हावा म्हणून कारखान्यात त्याला स्टार्च, म्हणजे पिठाचीच खळ लावतात! म्हणजे सकाळपासून मी फक्त कागद तपासत होतो. आमच्या लॅबमध्ये पहिला नियम काय? आधी नमुना न घालता टेस्ट करून बघायची, तिला ब्लँक म्हणतात. ब्लँक विसरला म्हणून गेल्याच आठवड्यात मी एका ज्युनिअरला अर्धा तास झापलं होतं. इथे तो ब्लँक मासळीवाल्या मावशीने करून दाखवला!

मग टाळ्या पडल्या त्या मावशीला. गायकवाडकाकांनी उभं राहून सांगितलं, "ऑर्डर पक्की! आणि पुढच्या वर्षीचीसुद्धा!" मावशीचा चेहरा असा फुलला की मीही टाळ्या वाजवायला लागलो. खोटं नाही बोलत, फजिती होऊनही मला हलकं वाटलं.

"तू नुसता टाल्या नको वाजवू," मावशी म्हणाली. "लिहून दे. लॅबचा सायेब हायस ना?"

मी निमूटपणे नवा कागद घेतला आणि लिहिलं, 'बेबीमावशींचे पनीर शंभर टक्के शुद्ध आहे.' खाली झोकदार सही केली आणि दोन्ही हातांनी तिला दिलं.

मावशीने कागद उजेडात धरला, उलटसुलट केला. मग ड्रॉपर उचलला आणि बरोबर माझ्या सहीवर एक थेंब सोडला. सही निळीकाळी झाली.

"गायकवाडसायेब," ती कागद सगळ्यांना दाखवत म्हणाली, "पनीर माजं चोख हाय. पन यो मानूस बगून घेवा, याच्या सहीनच भेसल हाय!"