उजळ

मालिकेच्या मध्ये ती जाहिरात तिसऱ्यांदा लागली. मुलगी सावळी असते तोवर उजेड मंद, केस विस्कटलेले, मान खाली. मलम लावलं की समोरून झगझगीत दिवा, इस्त्रीचे कपडे आणि लगेच नोकरी. पूर्वी सरळ ‘गोरी’ म्हणायचे. आता ते वाईट दिसतं, म्हणून ‘उजळ’ म्हणतात. दिवा बदलायचा आणि श्रेय मलमाला द्यायचं! मला किळस येते.

शेजारी बसून वहिनी माझ्या भाचीचा, सायलीचा, लग्नासाठी बायोडेटा लिहीत होत्या. ‘वर्ण’पाशी त्यांचं पेन अडलं.

“निमगोरी लिहू?”

“निम्मी गोरी, तर उरलेली निम्मी कोण गं आई?” सायली खिदळली.

“तू गप. वन्सं, तुम्ही सांगा.”

“सावळी आहे, सावळी लिहा.”

वहिनींनी एकदा टीव्हीकडे पाहिलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘उजळ’.

उजळ माथ्याने जगावं, असं आम्हाला शिकवलं होतं. त्यात कातडीचा संबंध नव्हता. इतका स्वच्छ शब्द त्या लोकांनी डबीत भरून विकला आणि आम्ही तो मुकाट्याने घरात घेतला.

सायलीने कागद ओढून वाचला.

“आई, मग फोटो कोणाचा लावायचा?”

या वेळी ती हसत नव्हती.